वळणावरची दुसरी देवळी

आंद्रोस, २१ सप्टेंबर

तीर्थरूप लेओनार्दोसदादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. प्रकृती ठीक असावी असं धरून चालते. विचारलं तर तू ‘ठीक’ म्हणणार आणि फोन ठेवणार, म्हणून हा पत्राचा खटाटोप. पत्र अर्ध्यावर टाकून देता येतं, पण त्याला मध्येच तोडता येत नाही.

इकडचं वर्तमान असं. वारा ओसरला. पाहुणे पांगले. बंदरावरच्या कॉफीखान्यातल्या म्हाताऱ्यांना आपापल्या खुर्च्या परत मिळाल्या, त्यामुळे बेटावर पुन्हा शांतता आणि परनिंदा नांदू लागली आहे. मी जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाले ते तुला ठाऊक आहेच. निरोपाच्या वेळी लोक घड्याळ देतात, शाल देतात. माझ्या सहकाऱ्यांनी मला एक लिफाफा दिला: विजेच्या सायकलवरून बेटाची सहल, सोबत वाटाड्या, वाटेत जेवण. म्हणजे सन्मानपूर्वक दमछाक.

लिफाफ्यावर झानिसच्या दुकानाचं नाव होतं. तुझा पांदेलिस अपघातात गेला त्या रात्री जत्रेहून परतताना तुझी गाडी चालवत होता, तोच झानिस. देणाऱ्यांच्या लक्षात आलं नसेल असं म्हणवत नाही. या बेटावर कोणाच्या घरी मीठ संपलं तेही लक्षात येतं. लिफाफा उन्हाळाभर खणात पडून होता.

मग तुझा निरोप आला. इथल्या थानासिसनं तुला फोनवर सांगितलं की अपघाताच्या वळणावर, पांदेलिसच्या आठवणीसाठी रस्त्याकडेला बांधलेल्या देवळीशेजारी, झानिसनं आपण वाचल्याबद्दल दुसरी देवळी उभारली आहे. तू मला कळवलंस: ती पाड, नाहीतर थडग्यातून पोराच्या अस्थी काढायला मी येणार नाही. दादा, त्याचं उत्तर या पत्रात आहे. पण ते मी माझ्या क्रमानं देणार. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना धीर धरून वाक्य संपेपर्यंत वाचायला शिकवलं. आज भावाला शिकवते.

एखादी वस्तू पाडायची तर आधी पाहावी लागते. त्या रस्त्यानं मी पायी कधी गेलेच नाही, आणि बसनं गेले तेव्हा तिथं नेमका माझा चष्मा पुसायचा असे. झानिसला बंदरावर गाठून विचारावं, तर विचारण्याआधीच उत्तर तिन्ही कॉफीखान्यांत पोचलं असतं. म्हणून लिफाफा काढला, पायजमा घातला, त्यावर स्कर्ट घातला आणि बुधवारी सकाळी त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

तो चाकात हवा भरत होता. मला पाहून उठला, हात पुसले, परत पुसले.

“बाई, तुम्ही?”

“लिफाफा आहे माझ्याकडे. फुकट आलेय असं समजू नकोस.”

“नाही, तसं नाही. आजची वाट वरच्या गावांवरून जाते. उतरताना...” तो थांबला. “मी आज वाट बदलतो. पाहुण्यांना काय कळतंय.”

“बदलू नकोस,” मी म्हटलं. “मला उतारच बघायचा आहे.”

त्यानं माझ्या डोक्यावर शिरस्त्राण घातलं आणि हनुवटीखालचा पट्टा आवळताना नजर वर केली नाही. वर्गात तो असाच उभा राहायचा, गृहपाठ केलेला असला तरी.

सोबत एक डच जोडपं होतं, ज्यांच्या देशात चढ हा प्रकारच नाही, आणि एक जर्मन दंतवैद्य, जो प्रत्येक गोष्टीचं कारण विचारी. बंदरावरून निघालो तर कॉफीखान्यातून हाक आली, “पोलिक्सेनी, आता विमान कधी घेतेस?” मी म्हटलं, “तुमची उधारी फिटली की.” ते हसले. पण माझ्या पुढे कोण चाललाय हे पाहिल्यावर हसू मावळलं, आणि पाठीवर नजरा घेऊनच मी पहिला चढ चढले.

ते वाहन मात्र अद्भुत आहे, दादा. आपण पाय मारला तरच ते जोर लावतं. आपण थांबलो की तेही थांबतं. पुरुषार्थ आणि दैव यांचा इतका सामंजस्याचा संसार मी ग्रंथांत वाचला होता, बुडाखाली प्रथमच अनुभवला. लहानपणी तू मला खेचरावर बसवून ज्या चढावर शिव्या देत न्यायचास, तो मी गुणगुणत चढले. वर पोचल्यावर डचबाई म्हणाली, “तुम्ही रोज चालवता का?” झानिस पुढून म्हणाला, “बाई काहीही पहिल्याच दिवशी रोज केल्यासारखं करतात.” ही स्तुती की वर्गातला जुना सूड, ते मला ठरवता आलं नाही.

तो उत्तम वाटाड्या आहे, हे तुला आवडणार नाही तरी लिहिते. बोलतो थोडं. दगडी बांधांत मध्येच उभी शिळा का, ते सांगतो, झरा दाखवतो, कुणी मागं पडलं की स्वतःच काहीतरी बिघडल्यासारखं करून थांबतो. वरच्या गावात आम्ही बटाटे आणि सॉसेज घातलेलं जाड ऑम्लेट खाल्लं. वाढणारीनं त्याच्याशी एक अक्षर न बोलता त्याची थाळी ठेवली. माझ्यापुढे मात्र वाकून कुजबुजली, “बाई, तुम्ही याच्याबरोबर? ज्यानं मेलेल्या मित्राच्या कुशीत आपली देवळी लावली त्याच्याबरोबर?” झानिसनं ऐकलं. तो पाव मोडत राहिला.

मग उतार.

वळणाच्या बराच आधी त्यानं हात वर केला. “इथं उतरायचं. यंत्र बंद. सायकल हातात धरून चालायचं.”

“का?” दंतवैद्य.

“रस्ता वाईट आहे.”

रस्ता गुळगुळीत होता. तरी त्याच्या स्वरानं सगळे उतरले. दंतवैद्यदेखील.

पांदेलिसची देवळी तशीच आहे, दादा. तू बसवलेला संगमरवर किंचित पिवळा पडलाय. काचेआड त्याचा नौदलाच्या टोपीतला फोटो, दिवा तेवत होता. आणि दोन हातांवर दुसरी: साधी, लोखंडाची, पांढरा रंग दिलेली, वर क्रूस. त्यातही दिवा होता.

डचबाईनं छातीवर हात ठेवला. “दोन? दोघं गेले?”

“एक गेलेल्यासाठी,” झानिस म्हणाला. “एक वाचलेल्यासाठी. आमच्याकडे दोन्हीसाठी सारखीच बांधतात.”

“वाचला त्यानं बांधली?”

तो नुसता म्हणाला, “पुढं सावली आहे, तिथं थांबा.” ते निघाले. मी थांबले.

जवळ जाऊन आत पाहिलं. फोटो नाही, नाव नाही. पानायियाची, आपल्या जगन्मातेची, लहानशी तसबीर, तेलाची बाटली, काड्यापेटी. आणि काचेआड, तसबिरीच्या दोन्ही बाजूंना सारलेला वीतभर पडदा. क्रोशाचा. त्याच्या काठाला दर दोन पाकळ्यांनंतर एक गाठ. दादा, ती गाठ या बेटावर एकच बाई घालते. तुझ्या लग्नातल्या चादरीला तीच आहे, पांदेलिसच्या बारशाच्या टोपड्याला तीच होती.

मी मागं वळले. झानिस माझी सायकलही धरून उभा होता.

“ही तू नाही लावलीस,” मी म्हटलं.

“नाही, बाई.”

“वहिनीनं?”

“मारूसोकाकूंनी. ईस्टरनंतर. मी फक्त खड्डा खणून दिला. त्या म्हणाल्या, कुणाला सांगायचं नाही.”

“आणि गाव तुझ्या थाळीकडे बघत नाही, ते?”

“माझी आई तेव्हापासून मागं लागली होती, तू वाचलास, देवळी बांध. मी बांधली नाही, तेव्हा गावानं कृतघ्न म्हणून नावं ठेवली. आता बांधली समजून ठेवतात.” त्यानं माझ्या सायकलची मूठ दुसऱ्या हातात घेतली. “त्यात मला फरक काही पडला नाही. पण काकूंना कुणी बोलू नये.”

“का लावली तिनं?”

“ते त्यांनाच विचारा. मला सांगितलंय. माझ्या तोंडून ते बरं दिसणार नाही.”

दादा, इथून पुढचं मी दोनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते.

त्याच संध्याकाळी मी वहिनीकडे गेले. तू पिरेअसला निघून गेल्यापासून तिच्याकडे सणावारीच जाते, उभ्या उभ्या. ती गच्चीवर होती, अंजिरं उलटत. मला पाहून म्हणाली, “सायकलवर बसलीस म्हणे. पाय ठेव त्या पाटावर, सुजले असतील.” मग थोड्या वेळानं, “पडदा ओळखलास.”

“ओळखला.”

“तुझा भाऊ ओळखणार नाही. चादरीवर इतकी वर्षं झोपला, विचार त्याला काठ कसला होता.”

मी विचारलं. तिनं सांगितलं, हात अंजिरांवरच होते. तू ऐक.

त्या रात्री तू भर समुद्रात होतास. तुला कंपनीनं कळवलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि कळवलं ते खरं होतं. पण त्याआधी पहाटे वहिनीला फोन आला होता. गाडीत दोघं होते, एक जागीच गेला, तुमचा मुलगा जिवंत आहे, हेलिकॉप्टरनं नेतायत. फोन करणाऱ्यांचा दोष नव्हता. पांदेलिसनं जत्रेत वाईन घेतली होती म्हणून त्यानंच शहाणपणानं चाव्या झानिसच्या हाती दिल्या, आणि झानिस कुडकुडत होता म्हणून आपलं जाकीटही त्याच्या अंगावर घातलं. ओळखपत्र जाकिटाच्या खिशात होतं. पांदेलिसचा चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. उजाडेपर्यंत मारूसोचा मुलगा हेलिकॉप्टरमध्ये होता, आणि झानिसच्या आईचा गेला होता.

“मी अनवाणी अंगणात गेले,” वहिनी म्हणाली. “म्हटलं, पानायिया आई, एवढा पोचू दे. हा मुलगा जगू दे, मी तिथंच, त्या वळणावर तुझी देवळी बांधीन, तुझा दिवा विझू देणार नाही. आणि तो पोचला. जगला. मग कळलं कुणाचा.”

मी म्हटलं, “वहिनी, तो नवस पांदेलिससाठी होता. तो लागू होत नाही.” पाहिलंस, असल्या वेळीही मी शास्त्रार्थच करते.

“असं मीही म्हणत बसले. तिच्याकडे पाठ करून. तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली होती मी, तुला ठाऊक नाही. झानिस रस्त्यात दिसला की दुसऱ्या गल्लीत शिरायची. मनात यायचं, माझा नवस वापरून हा जगला.” तिनं एक अंजीर दाबून पाहिलं, बाजूला टाकलं. “मग यंदा पाद्रीबाबा म्हणाले, थडगं उघडायची वेळ झाली. त्याच्या हाडांना हे हात लावायचे. ती वाईननं धुवायची, कवटीला ओठ टेकायचे. म्हटलं, पानायियाचं देणं तसंच ठेवून कसे लावू? मी जगव म्हटलं, तिनं जगवलं. हेलिकॉप्टरमध्ये जो होता त्याच्यासाठी मी अनवाणी उभी होते, पोली. तो हाच होता.”

“मग झानिसच्या नावावर का खपू दिलंस?”

“मी कुठं खपवलं? गावानं आपण होऊन ठरवलं. आणि मी सांगायला गेले असते तर मला वेडी ठरवून त्याला साधू केलं असतं. दोन्ही नको होतं.” मग ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. “तुझ्या भावाला मात्र सांग. तो पाडायला माणूस पाठवेल. त्याला सांग, पाडायची तर स्वतः येऊन पाड, मी बाजूला उभी राहीन.”

दादा, मी पाडलेली नाही. पाडणारही नाही. तुझ्या मुलाच्या शेजारी कुणी स्वतःच्या सुटकेची फुशारकी मारलेली नाही. त्याच्या आईनं त्याच्यासाठी केलेला शेवटचा नवस फेडला आहे, आणि ज्याच्या वाट्याला तो आला त्याच्या जगण्याला एकदाची संमती दिली आहे. तिला इतकी वर्षं लागली. तुला किती लागावीत हे मी सांगणार नाही. मी निवृत्त झाले आहे.

अस्थी ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी काढायच्या ठरल्या आहेत. धुवायला वहिनी आणि मी. पांढरं कापड तिनं शिवलं आहे, वाईन आपल्याच बागेतल्या द्राक्षांची. नंतर पेटी उचलून अस्थिघरापर्यंत न्यायची, ते घरच्या पुरुषाचं काम. पाद्रीबाबांनी तुझ्याबद्दल विचारलं. मी काही बोलायच्या आत वहिनी म्हणाली, “बाप आला तर बाप. नाही आला तर झानिस उचलेल.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरातर्फे उत्तर मीच द्यायचं होतं. मी ‘हो’ म्हटलं आहे.

झानिसला हे सांगायला मीच गेले. तो म्हणाला, “मी दफनभूमीच्या फाटकाबाहेर उभा राहतो, बाई. राफिना बंदराहून येणाऱ्या बोटीनं काका येतात की नाही ते कळेपर्यंत आत येत नाही.”

आता तू ठरव, त्यानं कुठवर उभं राहायचं.

तुझी बहीण, आणि मारूसोची नणंद,
पोलिक्सेनी