पांढऱ्या केसांची पोरगी

मंगळवार, १८ फेब्रुवारी, संध्याकाळ

गावात आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताई सकाळीच घरी आल्या. "तलावाजवळच्या रेखाले पोरगी झाली, तुझ्यासारखीच पांढऱ्या केसांची. सासू कोणाले दाखवून नाई राह्यली. तू चाल माझ्यासंगं." मले पाहून ते लोक आणखीच भ्याले तर? शाळेत मले भुरी म्हणत, माझ्या बाजूला कोणी बसत नव्हतं. तरी गेली.

पोरीचे केस अगदी माझ्यासारखे. पाहतच राहिली मी. रेखा भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिचा नवरा मान खाली घालून जाळं विणत होता. सासू म्हणाली, "आमच्या घरात असं कोणीच नाई. हे कोणाचं आहे, ते तिलेच विचारा."

आशाताईंनी सांगितलं, हे आईबाप दोघांकडून येते, दोघं सावळे असले तरी. सासूले पटेना. मग मी डोक्यावरचा दुपट्टा काढला. "माझे आईबाप पण सावळेच आहेत, बाई."

ती माझ्या केसांकडे पाहत राहिली. "तुले दिसते का?"

"कमी दिसते. ऊन सोसत नाई, अंग झाकून फिरते. पण बारावी झाली. आता ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर चालवते."

रेखाच्या नवऱ्याने जाळं बाजूला ठेवलं आणि पोरीले उचललं. "माये, पोरगी माझीच आहे," एवढंच बोलला. रेखा तेव्हा कुठे आमच्याकडे वळली.

निघताना सासू हळूच म्हणाली, "रविवारी बारसं करतो. येजो."

येईन म्हटलं. माझं बारसं कोणी केलंच नव्हतं, ते मात्र मी तिथे सांगितलं नाई.