न दुखणारा डोळा

म्हसळा, १२ जानेवारी १९९७

चि. संघप्रिया हिस आप्पाचा सप्रेम जयभीम.

वि. वि. इकडे आम्ही दोघं ठीक. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या खात्यात बसत नाहीत, तू फक्त पोरांचे सांधे बघणार म्हणतेस! एमडी झाली, आता मुंबईकडे आणखी काय शिकते, असं लोक विचारतात. लहान मुलांचा संधिवात, असं मी सांगतो, तर हसतात. संधिवात म्हाताऱ्यांना होतो हे गावात सगळ्यांना पक्कं ठाऊक आहे.

आपल्या शेजारच्या इसाकची नात समरा तुला आठवत असेल. साडेचार वर्षांची झाली. बाप कुवेतला, म्हणून शमीम पोरीला घेऊन सासऱ्याकडेच असते. गेल्या शिमग्यापासून समराचा उजवा गुडघा सुजलेला आहे. सकाळी लंगडते, उन्हं वर आली की सुपारीच्या वाडीत धावते. महाडला रक्त तपासलं, घशातल्या जंतूंचा आकडा वाढलेला निघाला. म्हणजे संधिज्वरच, सांध्यांवरून काळजावर जाणारा. दर एकवीस दिवसांनी पेनिसिलीन टोचतो, बारा झाली. तुझ्या मॅडमना सांग, तुझ्या कंपाउंडर बापानं या इंजेक्शनावर चाळीस वर्षांत कितीतरी पोरांची काळजं वाचवली. बढाई आहे, पण खरी आहे.

जेवणाची हेळसांड करू नको. आईचा तुला पोटभर आशीर्वाद.

तुझा आप्पा


शिरवणे, नेरूळ, २० जानेवारी १९९७

ती. आप्पा व आई यांस संघप्रियाचा सविनय जयभीम.

पत्र वाचून हसले आणि मग हसू राहिलं नाही. आधी इथलं सांगते. मॅडमकडे आम्ही तिघं शिकतो. पोर दारातून आत आलं की पहिली दहा मिनिटं त्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम. चप्पल कुठल्या पायातली आधी काढतं, खाली बसताना कशाला धरतं, ते नुसतं बघायचं. परवा मी घाईनं एका मुलाचा घोटा धरला तर सगळ्यांसमोर बोलल्या. खूप टेन्शन असतं, पण शिकायला मिळतं.

आता समराचं. रागावू नका. संधिज्वराचं दुखणं या सांध्यातून त्या सांध्यात फिरतं आणि काही दिवसांत उतरतं. एकच गुडघा दहा महिने सुजून राहत नाही. घशाचा आकडा तर धडधाकट मुलांतही वाढलेला सापडतो. मला हा लहान मुलांचा संधिवात वाटतो. त्यात काही पोरींचे डोळे आतून सुजतात. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, पोर तक्रार करत नाही, आणि आत नजर जात राहते. हनुवटी टेकवून बघायचं डोळ्याच्या डॉक्टरकडचं यंत्र असतं ना, त्यावरच ते दिसतं.

सध्या रमजान आहे. ईद झाल्यावर, तुम्हाला योग्य वाटलं तर, तिला इकडे आणाल का? तुमचा अनुभव मोठा आहे, मी फक्त सुचवते आहे.

रागावलात तरी उत्तर टाकाच.

तुमची संघप्रिया


म्हसळा, १६ फेब्रुवारी १९९७

चि. संघप्रिया हिस सप्रेम जयभीम.

ईदेचा शिरखुर्मा इसाककडे प्यालो. तुझी वाटी शमीमनं आठवणीनं मलाच पाजली.

डोळ्यांचं म्हणशील तर मी बॅटरी मारून पाहिली. पाण्यासारखे स्वच्छ आहेत. पोर माझ्या खिशातली गोळी लांबून ओळखते. इंजेक्शन थांबवलं आणि उद्या काळजाच्या झडपेवर गेलं, तर तुझ्या मॅडम येणार आहेत का इथं? तू तीन महिन्यांत शिकलीस ते खरं असेल, पण चाळीस वर्षं काय मी पाणी टोचत होतो? कोंबडीच्या पिल्लानं कोंबडीला दाणे टिपायला शिकवण्यातला प्रकार झाला.

इसाकला मी काही बोललो नाही. मुलगा परदेशात, सून एकटी, उगाच घोर लावायचा कशाला? तो माझ्या शब्दावर निर्धास्त आहे.

तुझ्यावर रागावलेलो नाही, थोडाच रागावलो आहे.

आप्पा


शिरवणे, ४ मार्च १९९७

ती. आप्पांस सविनय जयभीम.

तुम्हाला दुखवलं, माफ करा. तुम्ही रात्रपाळ्या करून मला शिकवलंत, आणि मी तुम्हाला शिकवायला बसले.

तरी पुन्हा लिहिते, कारण झोप नीट लागत नाही. बॅटरीनं हे दिसत नाही, आप्पा. मॅडमनी विचारलं की गावाकडची ती मुलगी आली का. येणार आहे, असं मी सांगितलं. खोटंच सांगितलं. इसाकचाचांना थेट लिहावं असंही मनात आलं, कार्ड आणूनही ठेवलं. पण तुमच्या माघारी तसं करणं बरं दिसलं नसतं. गावात तुमचा शब्द आहे, तो माझ्यामुळे खाली पडायला नको.

चौदा एप्रिलला जयंतीला घरी येते. तेव्हा मीच बघेन आणि तुम्हीच त्यांना सांगा. तोवर गुडघ्याला ऊन पाण्याचा शेक देत जा.

लोभ कमी करू नका.

संघप्रिया


म्हसळा, २७ एप्रिल १९९७

चि. संघप्रिया,

जयंतीला तुझी ड्यूटी बदलली नाही, असं तुझं कार्ड मिळालं. आली असतीस तर बरं झालं असतं.

काल शमीमनं सांगितलं की पोर डाव्या अंगाला दाराच्या चौकटीवर आपटते. मी समराचा उजवा डोळा तळहातानं झाकला आणि समोर सुपारी धरली. ती हसत हसत हवेत चाचपत राहिली. तिला वाटलं मी खेळतो आहे. डाव्या बुबुळात राखेसारखं काहीतरी दिसतं. आता मलाही दिसतं.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं इसाक, शमीम आणि मी पोरीला घेऊन निघतो. हे पत्र आजच्याच एसटीच्या कंडक्टरजवळ देतो, तुझ्या मॅडमना थांबवून ठेव.

आप्पा


शिरवणे, १५ मे १९९७

ती. आप्पांस सविनय जयभीम.

तुम्ही इथून गेलात तेव्हा स्टँडवर माझ्याकडे पाहिलं नाहीत. म्हणून लिहिते.

समराची डाव्या डोळ्याची नजर परत येणार नाही. बुबुळ आत चिकटून बसलं होतं, मोतीबिंदू धरला होता, आणि दाब वाढून मागची नस सुकली होती. उजव्या डोळ्यात सूज नुकती सुरू झाली होती. थेंबांनी ती उतरते आहे, तो डोळा वाचेल असं डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात. हृदय तपासलं, अगदी स्वच्छ आहे, म्हणून पेनिसिलीन बंद. गुडघाही वाकायला लागला आहे.

जानेवारीत आणली असती तर, असं मी मॅडमना विचारलं. थोडी नजर कदाचित राहिली असती, असं त्या म्हणाल्या. हे तुम्हाला कळवावं की नाही, यात चार दिवस गेले. आप्पा, ही चूक मोठमोठ्या डॉक्टरांकडूनही होते. मनाला लावून घेऊ नका.

आठ जूनला इथं गावोगावच्या डॉक्टरांसाठी वर्ग आहे. समराची हकीकत मला सांगायची आहे. एक आरोग्य कर्मचारी, एवढंच म्हणेन. तुमचं नाव कुठेही येणार नाही, विश्वास ठेवा.

आईला सांभाळा, ती तुम्हाला सांभाळते आहेच.

संघप्रिया


म्हसळा, २५ मे १९९७

चि. संघप्रिया हिस सप्रेम जयभीम.

नाव का येणार नाही? शिवराम कंपाउंडर, म्हसळा, असं फळ्यावर लिही. मी स्वतः येऊन बसणार आहे. चाळीस वर्षं ज्याचं कौतुक घेतलं त्या नावानं आता तोंड लपवायचं का? माझ्यासारखे दहा जण तिथं असतील, त्यांना माणूस दिसू दे.

आणखी एक. परवा इसाकच्या ओट्यावर बसून त्याला सगळं सांगितलं. तू मला लिहिलं होतंस आणि मीच दाबून ठेवलं, हेही सांगितलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं एवढंच विचारलं की तुझ्या पोरीला कवा समजलेलं. जानेवारीत, म्हणालो. मग त्यानं विचारलं की तिला माझा पत्ता माहीत नव्हता काय.

याचं उत्तर तू द्यायचं. तू माझा मान राखलास. पोरी, तो राखायचा नव्हता. माझा वाटा मी त्याच्यापुढे ठेवला, तुझा मला ठेवता येत नाही. तू लहानपणी पडलीस की मी धावत यायचो. या वेळी उचलायला येणार नाही.

तुझ्यावर माया आहे, म्हणूनच हे लिहितो.

आप्पा


शिरवणे, ९ जून १९९७

इसाकचाचा, अस्सलाम आलेकुम.

मी शिवराम कंपाउंडरची संघप्रिया. तुमच्या घरी वाढले, पण तुम्हाला पत्र आज पहिल्यांदा लिहिते आहे.

वीस जानेवारीला मला समराच्या दुखण्याचा अंदाज आला होता. डोळे जाऊ शकतात हेही ठाऊक होतं. तुमचा पत्ता मला पाठ आहे. आप्पांना कमीपणा येईल म्हणून मी तुम्हाला कळवलं नाही. त्यांना दोनदा लिहिलं, तेही हात जोडून. आपण आपलं काम केलं, असं स्वतःला समजावलं. आप्पांना खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

काल वर्गात चाळीस डॉक्टर होते. आप्पा उभे राहून आपली चूक बोलले. मग मी फळ्यावर त्यांच्या नावाखाली माझं नाव लिहिलं आणि वीस जानेवारी ही तारीख लिहिली. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं की मुलीच्या घरच्यांना हे माहीत आहे का. माझ्या तोंडून अजून नाही, असं मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं.

माफी मागायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, तरी मागते. शमीमभाभीला हे पत्र वाचून दाखवा.

समराच्या उजव्या डोळ्याची तपासणी एकोणीस जूनला, गुरुवारी सकाळी दहाला आहे. थेंब एकही दिवस चुकवू नका, डोळा कितीही चांगला दिसला तरी. मॅडमना मी सांगून ठेवलं आहे, त्या स्वतः बघतील. माझ्या हातून तपासणी नको असेल तर तसं दारावरच्या सिस्टरना सांगा, मी त्या दिवशी दुसऱ्या वॉर्डात थांबेन. पण पोरीला घेऊन या.

संघप्रिया