खिडकीतली लाल दोरी

५ फेब्रुवारी १९२८, रविवार

छाया, छाया आणि छाया! बायकांच्या वर्गात पाळक बसवराज आज दुसरं काही बोललेच नाहीत. बायबलाच्या जुन्या करारात जे जे घडलं ती म्हणे पुढं येणाऱ्या ख्रिस्ताची छाया. योना माशाच्या पोटात राहिला, ती कबरेची छाया. इसहाकाच्या जागी एडका कापला, ती वधस्तंभाची. माझं डोकं नुसतं लखलखलं — त्या नादात घरी भाकरी करपली. हे गिरणीतून आले, ताटाकडं बघून म्हणाले, "आणि ही कशाची छाया?"

७ फेब्रुवारी, मंगळवार

आज बाजार. मेंढरांचा कळप गेला की मी दारात. माझे वडील, आबा, मेंढरं विकायला येतात कधी; आज नव्हते.

मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा म्हणाले होते, "मला लेक न्हाय." चार वर्षं झाली. मी सोलापुरात आहे एवढं त्यांना ठाऊक, घर कुठलं ते नाही. तोंडानं लई कडक माणूस. पण लहानपणी त्यांच्याच घोंगड्यात निजायची मी. आठवण येते, फार येते.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज राहाब. यरीहोची बाई. तिनं चढाई करून येणाऱ्या इस्राएलींच्या हेरांना लपवलं, खिडकीला किरमिजी दोरी बांधली, म्हणून अख्खं शहर पडलं तरी तिचं घर वाचलं. दोरी म्हणजे ख्रिस्ताच्या रक्ताची छाया. पटलं.

पण मला भलतंच टोचलं. राहाबेनं हेरांकडं मागितलं काय? माझ्या आईबापाला वाचवा! त्यांना घरात आणून बसवलं. मी उठून विचारलं, "दोरी रक्ताची छाया, मग बाप कशाची?" पाळक चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "बाप म्हणजे बाप, सोजरबाई. सगळंच छाया नसतं."

येताना शेजारच्या शांतम्माकडून मागावरचं उरलेलं लाल सूत आणलं. दोरी वळली, खिडकीच्या गजाला बांधली. ह्यांना सांगितलं, धडा लक्षात राहावा म्हणून. खोटं! आबांसाठी बांधली.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

शांतम्मानं विचारलं, दोरी कशाची? मी राहाबेची गोष्ट रंगवून सांगितली. दुपारी बघते तर माझ्या दोरीशेजारी दुसरी दोरी, आणि चौकटीला हळदीकुंकू! "माझा भाऊ येऊ दे म्हटलं," शांतम्मा म्हणाली. करायला गेले काय आणि झालं काय!

१९ फेब्रुवारी, रविवार

शांतम्माचा भाऊ आला. तो दरसाल याच दिवसांत येतो, पण ऐकतंय कोण. आसपासच्या बायकांच्या दोऱ्यांनी गजांवर आता बोट ठेवायला जागा नाही. काल कुणीतरी नारळही फोडला. ह्यांनी खोबरं खाल्लं.

पाळक स्वतः बघायला आले. "तुम्हाला छाया शिकवली, तुम्ही देवी बसवलीत." मला हसू फुटलं, त्यांनाही. पण मग गंभीर झाले. मंगळवारी सकाळी सगळं कापून टाकायचं, नाहीतर वर्गाला यायचं नाही.

"माझीसुद्धा?"

"तुमची आधी."

बरोबर आहे त्यांचं. तरी चुलीपुढं बसून रडले.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

कात्री घेऊन बाहेर गेले. खिडकीशी घोंगडं पांघरलेला एक म्हातारा पाठमोरा उभा. गजाला दोरा बांधत होता, गाठ काही बसेना. म्हटलं, "बाबा, हे आता बंद झालं."

वळलासुद्धा नाही. "एवढी एक गाठ मारू दे, बाई. बाजारात बाया म्हनत हुत्या, हितं बांदलं की गेलेलं मानूस परत येतं. माजी लेक हाय की ह्याच गावात, कुटंतरी."

कात्री ओट्यावर ठेवली. आबांच्या हातातला दोरा घेतला आणि गाठ मीच मारली.