बातमी पोचायच्या आत

भाईंदर पूर्व,
४ ऑगस्ट १९९१

ती. आर्थरदादास,
कार्मिनचा शि. सा. न.

डेल्फिनवहिनीचं पत्र पोचलं. यंदा हंगामाला निघताना बोटीवर फादरांना पवित्र पाणी शिंपडू देणार नाहीस म्हणे. का, तर त्यांनी प्रवचनात विचारलं, जाळं रिकामं आलं तर तुमच्यातले किती जण रविवारी देवळात याल? सगळे हसले आणि विसरले. तू तो प्रश्न घरी घेऊन आलास. लहानपणी येशूसारखा चाळीस दिवस उपास धरलास आणि चौथ्या दिवशी वलांडीवर वाळत घातलेले बोंबील चोरून खाल्लेस, तोच तू.

आपल्याला देव हवाय की बोटीला राखणदार, ते जरूर शोध. पण पाय अधू झाल्यापासून तू किनाऱ्यावर, समुद्रात जातो तो रुबेन. परीक्षा बापाची आणि पेपर लिहायचा पोराने, हे मला पटत नाही.

राग आला तरी लोभ आटू देऊ नकोस.
तुझी कार्मिन

उत्तन,
१९ ऑगस्ट

चि. कार्मिनला अ. आ.

बोटी काल गेल्या. फादर आमच्या बोटीपाशी आले, मी नको म्हटलं. ते रागावले नाहीत, तेच लागलं. शेजारचा दशरथ म्हणाला, आमी नारळ देतो, तुमी पानी घेता, समिंदरात कोरडा कोन जात न्हाय. मी हसण्यावारी नेलं.

रुबेनने निघताना गळ्यातला क्रूस काढून आईच्या हातात ठेवला. म्हणाला, पपांची परीक्षा पुरीच होऊ दे. डेल्फिन कालपासून माझ्याशी बोलत नाही.

तू तरी बोलत राहा.
तुझा आर्थरदादा

भाईंदर पूर्व,
२३ ऑगस्ट

ती. दादास शि. सा. न.

रेडिओवर वादळाचा इशारा देतायत. रुबेन परतला का? तळमजल्यावरच्या हंसाबेनकडे फोन आहे, नंबर पाकिटावर लिहितेय. कुठूनही एकदा कळव. मला टोमणा सुचत नाहीये, यावरून काय ते समज.

कार्मिन

उत्तन,
२५ ऑगस्ट

चि. कार्मिन,

तारा तुटल्यात, फोन बंद. दशरथची बोट काल आली. बाकीच्याही आल्या. आमची नाही.

डेल्फिन क्रूस मुठीत धरून वाळूत बसलीय. मी तीनदा देवळाच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलो. रुबेन आला आणि मग गेलो, तर ते आभार. नाही आला आणि गेलो, तर तो धाक. दोन्हीकडून देव बाजूलाच राहतो.

हे लिहितोय तोवर किनाऱ्यावर ओरडा झालाय. लोक धावतायत. काय दिसलंय ते इथून कळत नाही. दशरथची मुलगी शालू दारात उभी आहे, चला म्हणतेय. तिच्याजवळच हे पत्र टपालात टाकायला देतो.

मी किनाऱ्याकडे जात नाही. बातमी माझ्यापर्यंत पोचायच्या आत देवळात जातोय. रुबेनचं नाव न घेता गुडघे टेकता येतात का, ते बघायचंय. येणार नाहीत, हे ठाऊक आहे. तरी जातोय.

आमच्यावरचा लोभ आता वाढवावा लागेल.
तुझा दादा