मधला आवाज

बाबा, मागचा डावा स्पीकर उलटा लागला होता. लाल तार काळ्यात, काळी लालमध्ये. तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुला कळवायची पहिली बातमी काय, तर ठाकुर्लीच्या स्पीकरवाल्याच्या एकुलत्या एक मुलीने, साठी जवळ आली तरी, तार उलटी लावली. हस खुशाल. तुला 'तू'च म्हणतेय हं. शाळेतल्या बाईंनी एकदा सांगितलं होतं की वडिलांना अहो-जाहो करावं, म्हणून मी घरी येऊन विचारलं, बाबा, तुम्ही जेवलात का? तर तू आईकडे बघून म्हणालास, मी काय पावना हाय का या घरान? तेव्हा ते खूळ गेलं ते गेलंच. तर आधी तारेबद्दल सांगते, आणि मग त्या रविवारबद्दल, दुकानातल्या स्टुलावर बसून मी तुला जे उत्तर दिलं होतं त्याबद्दल. ते उत्तर कधीचं माझ्या घशात अडकलंय, आणि परवा शनिवारी आई जे बोलली त्यानंतर फार टोचायला लागलंय.

आई आता माझ्याकडे असते, बाळकुमला. तिचं माहेरच ते. तिच्या बापाची शेतं खाडीला जिथे लागायची तिथे आता आमचे टॉवर आहेत, आणि आई बाराव्या मजल्याच्या गॅलरीतून बोटाने दाखवायची, तो बघ तिथे बांध होता, त्याच्या पलीकडे मिठागर. दाखवायची म्हणते, कारण आता तिला दिसत नाही. डोळ्यांच्या नसा सुकल्यात, गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टरांनी सरळच सांगितलं. टीव्हीसमोर बसते, पण त्या चपट्या टीव्हीतून सगळी माणसं एकाच डबीत कोंडल्यासारखी बोलतात. कोण आलं, कोण गेलं, कोण कुठे उभं आहे, तिला काही उमगत नाही. थोड्या वेळाने म्हणते, बंद कर गं ते. मला वाटलं, डोळ्यांना नाही तर नाही, निदान कानांना तरी जागा मिळू दे. म्हणून होम थिएटर घेतलं. पाच स्पीकर, एक धमधमणारा सबवूफर, त्या सगळ्यांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर, आणि सिनेमाच्या तबकड्या लावायला ब्लू-रे प्लेअर. दुकानदार म्हणाला, मॅडम, बुधवारी माणूस येऊन सगळं लावून देईल. मी म्हटलं, काही गरज नाही, मी कोणाची मुलगी आहे माहितेय का. त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार, पण तोरा तो तोरा.

मग तोऱ्याचे दोन तास ऐक. प्लेअरची केबल मी सरळ टीव्हीला लावली. चित्र असं सुरेख की बघत राहावं, पण आवाज तोच डबीतला, आणि रिसीव्हर रुसलेल्या जावयासारखा गप्प. पुस्तिका वाचली, काही कळेना. शेवटी चिडून जमिनीवर बसले तेव्हा तुझं बोट आठवलं. आधी आवाजाची वाट बोटाने दाखव, मग तारेला हात लाव, हा तुझा नियम. मी न दाखवता तारेला हात लावला की हातावर चापट बसायची. तर मी आमच्या दिवाणखान्यात, फरशीवर, बोट फिरवलं. आवाज निघतो प्लेअरमधून, त्याला जायचंय रिसीव्हरमध्ये, आणि मी त्याला रिसीव्हरच्या दारावरून पुढे टीव्हीकडे पाठवलं होतं. केबल बदलली. प्लेअरमधून रिसीव्हरमध्ये, आणि दुसरी केबल रिसीव्हरमधून टीव्हीला, म्हणजे आवाज इथे उतरला आणि चित्र पुढे गेलं. तरीही पुढचे दोनच स्पीकर बोलत होते, मागचे मुके. मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये सापडलं की तबकडीवरून बांधून आलेला पाच स्पीकरच्या आवाजाचा पुडा तो स्वतःच सोडून त्याचे दोनच भाग करून देत होता. त्याला सांगितलं, अरे राजा, तू पुडा सोडूच नकोस, जसा आलाय तसा पुढे दे, रिसीव्हर सोडेल. त्याबरोबर रिसीव्हरच्या काचेवर पाचही स्पीकरची चिन्हं उजळली आणि मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. या रिसीव्हरबरोबर अंगठ्याएवढा एक माइक येतो. ऐकणारा जिथे बसणार तिथे, कानाच्या उंचीला तो ठेवायचा आणि गप्प राहायचं. त्या उंचीचं घरात काही मिळेना, म्हणून तुळशीची कुंडी उतरवली आणि तिच्याखालचं स्टूल आणलं. तुझ्या दुकानातलं स्टूल, होय, तेच. खोलीच्या मधोमध ठेवलं, त्यावर माइक. मग रिसीव्हरने एकेका स्पीकरमधून टिंग टिंग आवाज काढायला सुरुवात केली. पुढे डावा, मधला, पुढे उजवा, मागे उजवा, मागे डावा. प्रत्येक वेळी थांबायचा आणि त्या माइकला जणू विचारायचा, कुठून आला? अरे, हे तर माझं काम. दोन मिनिटांत त्याने सांगूनही टाकलं की मागच्या डाव्याची तार तपासा. मी जाळी काढली, पेन्सिल सेल घेतला आणि तुझ्यासारखा तारांना टेकवला. बरोबर लागलेल्या स्पीकरचा कागद, म्हणजे आतला थरथरणारा पडदा, अशा वेळी बाहेर येतो, हा आत गेला.

मी सात-आठ वर्षांची आहे. दुकानात सोल्डरिंगचा वास आहे, आणि तू मला स्टुलावर बसवून खांदे धरून सरळ करतोयस. मधे बस, दोन्ही कान सारख्या अंतरावर ठेव. समोर दोन स्पीकर, त्यात एका बाईचं गाणं. तू विचारतोस, कुठून येतो आवाज? दोन्ही तारा बरोबर असल्या तर बाई दोन स्पीकरच्या मधोमध उभी असते, जिथे स्पीकरच नाही, नुसती भिंत आणि भिंतीवरचं कॅलेंडर. एखादी तार उलटी असली तर बाई तिथून नाहीशी होते आणि आवाज दोन्हीकडे सांडल्यासारखा होतो. मला ही सगळी जादू वाटायची. काहीच नाही तिथून कोणी गातं कसं? मी म्हणायची, मधून, आणि तू असा खूश व्हायचास जसा काही मीच तो स्पीकर बनवला. मला वाटायचं, हा आपला खेळ आहे, बाप-लेकीचा.

त्या रविवारी डोंबिवलीच्या एका निवृत्त हेडमास्तरांची स्पीकरची दोन मोठी खोकी दुरुस्तीला आली होती. पुढचं कापड पक्कं चिकटवलेलं, त्यामुळे सेल लावून कागद बघायची सोय नव्हती. तू मला बसवलंस आणि विचारलंस, कुठून? बाहेर मुली सागरगोटे घेऊन बसल्या होत्या, माझा डाव आला होता, आणि मी उठता उठताच म्हटलं, मधून. तू म्हणालास, बरं, जा. दुसऱ्या दिवशी हेडमास्तर खोकी घेऊन परत आले, एक तार उलटीच राहिली होती. चार गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर ते म्हणाले, "काय हो, तुम्हाला ऐकू येतं की नाही?" मी कोपऱ्यात होते. तुझा चेहरा असा झाला होता की मी तो अजून विसरलेले नाही, आणि तू म्हणालास, "चुकला माजा, सर." माझं नावही घेतलं नाहीस. ते गेल्यावर मला एवढंच विचारलंस, तू आयकलावतास ना? मी हो म्हटलं. मान हलवून हो म्हटलं, बाबा.

त्या वर्षी मला गालगुंड होऊन गेलं होतं. दोन दिवसांनी तू दुकान बंद ठेवून मला कल्याणला कानाच्या डॉक्टरांकडे नेलंस. मला कळेना, कान दुखत नाही, काही नाही. स्टेशनवरून चालताना नेहमीसारखं मला उजव्या हाताला घेतलंस. मी खेळता खेळता डावीकडे गेले की परत उजवीकडे ओढायचास. डॉक्टरांनी एक सूर काढणारा लोखंडी चिमटा वाजवून दोन्ही कानांशी धरला, घड्याळ धरलं, पाठीमागून कुजबुजले, आणि म्हणाले, मुलीचे दोन्ही कान उत्तम आहेत. तू तिथेच खुर्चीत बसलास. मग तू मला बाहेर पाठवून डॉक्टरांशी काहीतरी बोललास, आणि बाहेर आलास तेव्हा तुझे डोळे लाल होते. येताना मला हातात मावेल एवढा रेडिओ घेऊन दिलास. माझा वाढदिवस नव्हता, परीक्षेत दिवे लावले नव्हते. मी विचारलं, कशाबद्दल? तू म्हणालास, "कान चांगले हायेत, म्हनून."

आता शनिवारचं. तार सरळ केली, आईला स्टुलाजवळच्या खुर्चीत मधोमध बसवलं आणि समुद्रावरचा एक सिनेमा लावला. पहिल्यांदा वारा आला. मग मागून लाट आली, डोक्यावरून पुढे गेली, आणि आई खुर्चीचा हात धरून ताठ बसली. मग तिने बोट उचललं. जसं गॅलरीतून दाखवायची तसं. पक्षी इथून, होडी तिथून, मागे कोनीतरी चालतंय बघ. मिटल्या डोळ्यांनी ती आमच्या दिवाणखान्यात अख्खी खाडी दाखवत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "तुज्या बापासला यातला कायच कलला नसता." मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस, सगळ्या ठाकुर्लीत त्याच्यासारखा कान नव्हता कोणाचा. ती म्हणाली, "एकच कान व्हता. डावा गेला व्हता, ल्हानपनी, गालगुंडानं. माना शपथ घातलीवती, गिऱ्हाइकाला समजला तर कोन येल?"

आई भिंतीला हात लावत चहाला आत गेल्यावर मी त्या स्टुलावर बसले आणि डाव्या कानात बोट घातलं. पाच स्पीकर, एवढा खटाटोप, आणि सगळं गोळा होऊन उजव्या भिंतीला चिकटलं. पुढे नाही, मागे नाही. मधे तर काहीच नाही. आयुष्यभर तुला असं ऐकू येत होतं. ती भिंतीतून गाणारी बाई तू कधी ऐकलीच नाहीस, आणि तरी शीळफाट्यापासून कल्याणपर्यंत किती घरांत ती बरोब्बर मधोमध उभी करून दिलीस. सेलने, बोटाने, आणि एका पोरीच्या शब्दावर. मला तुझा एवढा अभिमान तू असताना कधी वाटला नव्हता.

आणि मग लक्षात आलं, कान उत्तम आहेत असं डॉक्टर म्हणाले त्याच क्षणी तुला कळलं होतं. कान चांगले, म्हणजे पोरगी खोटं बोलली. तरी रेडिओ घेतलास. तरी पुढच्या रविवारी मला त्याच स्टुलावर बसवलंस, खांदे सरळ केलेस आणि विचारलंस, कुठून येतो आवाज? मला वाटायचं तू विसरलास. त्या दिवशी मी डोळे मिटून इतकं नीट ऐकलं की तू म्हणालास, अगं, झोपलीस का?

हे कागद मी रिसीव्हरच्या पुस्तिकेत घालून खोक्यात ठेवतेय, दुसरीकडे कुठे पाठवणार. आई हाक मारतेय, लाट पुन्हा लाव म्हणतेय. बाबा, तुला ठाऊकच होतं, पण माझ्या तोंडून तुला कधी ऐकू आलं नाही, म्हणून तुझ्या उजव्या बाजूला उभी राहून सांगते. त्या रविवारी मी ऐकलंच नव्हतं. बाहेर मुली खेळत होत्या.