स्कूटर दारात आणू नये

मी, सौ. शालिनी विलास हिंगवे, वय त्रेचाळीस, राहणार पिपलानी, भोपाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर धीर देतात. तरी लिहून ठेवलेले बरे.

१. राहते क्वार्टर कारखान्याचे आहे. ते मला कोणालाही देता येत नाही.

२. माझ्या बांगड्या, शिलाई मशीन व पोस्टातील बचत मुलगी नलिनी, वय दहा, हिला मिळावी.

३. माझ्या पश्चात नलिनीने माझी बहीण रत्नप्रभा हिच्याकडे, अरेरा कॉलोनीत राहावे. पती विलास यांना दारूचे व्यसन आहे. प्यायलेले नसले की ते नलूच्या वेण्याही घालून देतात. हे न लिहिणे अन्याय होईल. पण संध्याकाळी फाटक उघडायचे काम नलूचे. त्यांची स्कूटर एका झटक्यात स्टँडवर चढली तर ठीक. घसरली, की नलूचे पोट दुखू लागते, उलटी होते. दवाखान्यात जंतांचे औषध दिले, मग पुन्हा तेच दिले. सुटीत मावशीकडे मात्र औषधाविना बरी असते. मीच नको तो अर्थ लावते आहे का, असेही मनाला विचारून पाहिले.

सासूबाई म्हणत, "नाटकं करते कार्टी! शाळा बुडवायला बरं पोट दुखतं." गेल्या महिन्यात शेजारच्या मधुकररावांची स्कूटर स्टँडवरून घसरली. नलू मटार सोलत होती, जागीच वाकली. सासूबाईंनी तिला जवळ ओढले. "अगं, शेजारचे काका आले. बाबा नव्हेत." मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "हिला इथून हलव. विलासशी मी बोलते."

४. स्कूटर विलास यांची, त्यांच्याकडेच राहावी. मात्र ती रत्नप्रभाच्या दारात आणू नये. मुलीला त्यांनी जरूर भेटावे. दिवसा, न पिता, बसने जावे. जाताना बिट्टन मार्केटमधून पेरू न्यावेत. त्यांना चांगले निवडता येतात.

५. रत्ना, तुझ्या गल्लीत स्कूटर थांबली की नलूचा हात झोपेतही पोटावर जातो. मी पाहिले आहे. तेव्हा दिवा लाव आणि कोण आले ते तिला सांग.

सही: शालिनी विलास हिंगवे
पिपलानी, भोपाळ. ९ फेब्रुवारी १९८२.

आमच्यासमोर सही केली:
लीलावती काशिनाथ हिंगवे (सासू)
मधुकर देवपुजारी (शेजारी)

वाचले. मान्य आहे. बसने जाईन. ही सही सकाळी केली आहे, आईला विचारावे.
विलास