वर गेलेला कोपरा

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तुझी पाठ आता बरी आहे, असं आईकडून कळलं. वहिनीचं नवं दुकान चालू लागलं, हेही. आम्ही ठीक. धाकटीचे पुढचे दोन दात पडलेत, त्यामुळे बोलताना नुसती शिट्टी वाजते.

पोहण्याच्या तलावावरचं छप्पर जानेवारीत बसलं. ग्लास फायबरच्या बावीस पाकळ्या, माझ्या कॉम्प्युटरवरच्या आराखड्यावरून रोबोटच्या हाताने विणलेल्या. एक पाकळी सहा माणसं सहज उचलतात. उजेड इतका छान झिरपतो की दिवसा दिवे लावावे लागत नाहीत.

मागच्या मंगळवारी वारा सुटला. छपरात बसवलेले सेन्सर माझ्या फोनवर आकडे पाठवतात. अकराच्या सुमारास एक कोपरा हलायला लागला. खाली नाही, वर. तलावात शाळेची तीस मुलं होती. मी व्यवस्थापकाला फोन केला, "मुलांना बाहेर काढा. आत्ता."

"मॅडम, इथे काहीच पडलेलं नाही."

"पडणार नाही हो, उडणार आहे!"

वीस मिनिटांनी दोन पाकळ्या उचकटून पाण्यात आल्या. मुलं तोवर बाहेर आवारात टॉवेल गुंडाळून कुडकुडत उभी होती. शेवटी बाहेर पडणाऱ्या जीवरक्षकाचा खांदा निखळला, तेवढंच. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. पेपरात माझा फोटो आला. आईने तो कापून ठेवला असेल.

दादा, दोन वर्षांपूर्वी या छपराच्या आराखड्याच्या बैठकीत तू म्हणाला होतास, "छोटे, इतकं हलकं छप्पर पडायचं नाही, उडेल. भिंतीला धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या दुप्पट कर." आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "लोखंडाचं वर्कशॉप असलं की माणसाला पट्ट्या विकायला जिथे तिथे वारा दिसतो." सगळे खो खो हसले. तू पिशवी उचलून निघून गेलास.

हे तुला माहीत आहे. माहीत नाही ते सांगते. दुसऱ्याच दिवशी मी तलावाची मोठी दारं उघडी आहेत असं धरून कागदावर हिशोब पुन्हा लावून पाहिला. वारा आत शिरून छताला खालून ढकलत होता. तुझंच बरोबर होतं. तरी मी पट्ट्या वाढवल्या नाहीत. 'वाऱ्यात दारं बंद ठेवावीत' अशी एक ओळ सूचनांमध्ये घातली आणि गप्प बसले. पट्ट्या वाढवल्या असत्या, तर कुणाच्या सांगण्यावरून, ते सांगावं लागलं असतं.

काल त्या हिशोबाचा कागद मी चौकशी समितीपुढे ठेवला. काम माझ्याकडून काढून घेतलंय. माझ्या परवान्याचं पुढे बघू म्हणाले. पाठ थोपटणारे आज जिन्यात मान फिरवून गेले.

समितीला पट्ट्यांसाठी जाणकार माणूस हवाय. मी तुझं नाव दिलं, तुला न विचारता. फोन आला तर माझ्याकडे बघून हो म्हणू नकोस, आणि माझ्यामुळे नाहीही म्हणू नकोस. शाळा पुन्हा तिथेच मुलं पाठवणार आहे.

आईला अजून सांगितलेलं नाही. रविवारी येऊन मीच सांगेन. तू घरात असलास तर बरं वाटेल.

वयानेच नव्हे, त्या दिवशी मनानेही लहान ठरलेली,
तुझी बहीण